दंडाचा व्यायाम: डंबेल कर्ल करताना तुमचं कोपर जागेवर राहतं का?

रानजाई | ८ जून, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी मे महिन्यात गावी जाताना मी एसटीच्या दारात अडकले. पायरी उंच, डाव्या खांद्याला पिशवी. उजव्या हाताने दाराजवळचा दांडा धरला आणि स्वतःला वर ओढायला गेले, तर हात ओढेचना. मागच्या मुलीने पाठीला आधार दिला तेव्हा चढले. माझं वय ५४. गुडघे ठीक आहेत, रोजचं चालणं आहे, पण दंडात जोर उरलेला नाही हे त्या दिवशी कळलं आणि ते मला फार लागलं.

त्यानंतर वर्षभरात काय चुकलं आणि काय साधलं ते इथे लिहून ठेवतेय. मुख्यतः एकाच व्यायामाबद्दल लिहिणार आहे: डंबेल कर्ल. हा व्यायाम इतका सोपा दिसतो की तो कुणी शिकवतच नाही. वजन घ्या, वर न्या, खाली आणा, झालं. मलाही तेवढंच सांगितलं होतं.

घराजवळच्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या मुलाने पहिल्याच दिवशी ५-५ किलोचे डंबेल हातात दिले, "काकू, १५ चे ३ सेट मारा" म्हणाला (म्हणजे सलग १५ वेळा वर-खाली, असं तीनदा) आणि दुसरीकडे गेला. मी मारले. कसे मारले ते आता कळतं. वजन वर नेताना कंबर मागे जायची, कोपरं पुढे यायची, खांदे कानाला भिडायचे आणि वर पोचलं की वजन धपकन खाली. तीन आठवड्यांत उजव्या खांद्याची पुढची बाजू दुखायला लागली. केस विंचरायला हात वर जाईना, मागचा हूक लावता येईना.

फिजिओथेरपिस्टकडे गेले. दुखणं शांत झाल्यावर त्यांनी मला भिंतीला पाठ टेकवून उभं केलं आणि रिकाम्या हाताने कर्ल करायला लावला. हातात काहीही नाही, तरी माझं कोपर दर वेळी भिंतीपासून सुटून पुढे येत होतं! सगळी गोम तिथेच होती.

आता मी करते कशी ते सांगते. पाय कमरेइतके रुंद, गुडघे ताठ न करता किंचित सैल. पोट हलकं आत, छाती पुढे काढायची नाही. खांदे एकदा वर उचलून मागे घ्यायचे आणि खाली सोडून द्यायचे. कोपरं बरगड्यांच्या शेजारी, अंगाला घट्ट दाबलेली नाहीत आणि लांबही नाहीत. तळवे समोर. मनगट सरळ, म्हणजे हाताचा पंजा आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत. मनगट मागे वाकलं की सगळा भार तिथे जातो आणि दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना ते जाणवतं.

मग श्वास सोडत वजन वर. दंड हलत नाही, फक्त कोपरापासून पुढचा हात दाराच्या पाखासारखा फिरतो. डंबेल खांद्याला टेकवायचा नाही. हात जवळजवळ उभा झाला की पुरे. तिथे क्षणभर थांबून बेटकुळी आवळायची. आणि मग खाली येणं. मनात एक, दोन, तीन मोजत, श्वास घेत, पूर्ण खाली, कोपर जवळजवळ सरळ होईपर्यंत. पण झटका देऊन कडक करायचं नाही.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते या खाली येण्याबद्दल. वजन आपण खाली आणतोय की ते पडतंय? मी तीन आठवडे वजन नुसतं पाडत होते. म्हणजे व्यायामाचा अर्धा भाग केलाच नव्हता, आणि उरलेला अर्धा कमरेने केला होता.

माझ्या फिजिओंनी एक गोष्ट दाखवली ती कायमची लक्षात राहिली. दार ढकलून बघा, आधी कडीजवळ आणि मग बिजागरीजवळ. बिजागरीजवळ कितीतरी जास्त जोर लागतो. आपला दंडाचा स्नायू कोपराच्या बिजागरीपासून साधारण ४ सेंमीवर चिकटलेला असतो आणि डंबेल असतो साधारण ३२ सेंमीवर. म्हणजे हात काटकोनात असताना ३ किलोच्या डंबेलसाठी स्नायूला २४ किलोच्या आसपास ओढ लावावी लागते. हे ऐकल्यावर मला २ किलोच्या डंबेलची लाज वाटेनाशी झाली.

वजन वर नेताना कमरेने झोका का देऊ नये तेही यातूनच कळतं. हात काटकोनात असतो तेव्हा वजन कोपरापासून, आडवं मोजलं तर, सगळ्यात लांब, म्हणून तिथे सगळ्यात जड. झोका दिला की नेमका तोच टप्पा आपण उडी मारून ओलांडतो. जिथे स्नायूला काम आहे तिथून त्याला सुट्टी, आणि कमरेला व खांद्याला भलतंच काम.

सध्या आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, १०-१२ चे दोन सेट, मध्ये दीड मिनिट विश्रांती. सुरुवात १ किलोने केली होती, आता ३ किलो. तुमचे अनुभव लिहा. चुकत असेन तर तेही सांगा.

ओवी_ | ८ जून, सकाळी ९:३५

किती नीट लिहिलंय! माझी तर सुरुवातच व्हायची आहे. घरात डंबेल नाहीत. पाण्याच्या बाटल्या चालतील का? आणि दंडाखाली जे लोंबतं ते याने जाईल का? खरं कारण तेच आहे.

रानजाई | ८ जून, सकाळी १०:०५

ओवी, बाटल्या चालतील. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, हिशेब सोपा. पण १ लिटरच्या वर जाऊ नकोस, बाटली जाड होते, पकड सुटते आणि पकड धरण्यातच मनगट वाकतं. माझ्या बहिणीने कापडी पिशवीत तांदूळ भरून करून बघितलं. पिशवी झुलते आणि तिच्याबरोबर हातही झुलतो. २ किलोची जोडी विकत घेतलीस तर वर्षभर पुरेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की दंडाच्या व्यायामाने दंडाचीच चरबी उतरते असं होत नाही. चरबी सगळ्या अंगाची मिळून कमी-जास्त होते. पण आतला स्नायू भरला की हात घट्ट दिसतो हे माझ्याबाबतीत झालंय. आणि लोंबतं ती मागची बाजू, तिथला स्नायू वेगळा, ट्रायसेप्स. कर्लने तो होत नाही. त्याबद्दल खाली लिहिते.

पहाटवारा | ८ जून, दुपारी १:२०

मी २३ वर्षांचा, दीड वर्ष जिम करतोय. फॉर्मबद्दल मान्य. पण शेवटचे दोन-तीन रेप (एकदा वर-खाली म्हणजे एक रेप) थोडा झोका देऊन मारले तर काय बिघडतं? जिममधले सगळे सीनियर मारतात आणि त्यांचे हात माझ्या दुप्पट आहेत. मी १२.५ किलोने कर्ल मारतो. क्लीन मारायचं तर ते वजन जाणारच नाही.

लालमाती | ८ जून, संध्याकाळी ६:४५

ताई, लेख वाचून बरं वाटलं. मी कोल्हापूरकडचा, तालमीत वाढलेला. आमच्या वेळेला तालमीत डंबेल नव्हते. जोर, बैठका, दोर चढणं, करेला (जड लाकडी मुद्गल) फिरवणं आणि पहाटे हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती फावड्याने उकरणं. माती उकरली की दंड, खांदा, पाठ, सगळं एकदम जागं होतं. आमच्या पोरांचे दंड बघितलेत का? कर्ल एक न मारता कमावलेले.

माझं म्हणणं एवढंच की एकेक स्नायू वेगळा काढून त्याचा व्यायाम करायचा, हे मला पटत नाही. अंग एकसंध चालतं, व्यायामही एकसंध हवा. रोज २५ जोर नीट मारा, दंडाला दुसरं काही लागत नाही.

पण एक गोष्ट तुमची सोळा आणे खरी. वस्ताद समोर पाटावर बसून जोर मोजायचे. छाती मातीजवळून गेली नाही तर आकडा पुढे जायचाच नाही. पोरगं "चाळीस झाले" म्हणायचं आणि वस्ताद म्हणायचे "एकोणतीस". कुणी उलटून बोलायचं नाही. अर्धा जोर हा जोर नव्हे, हे तिथे शिकलो.

दवबिंदू | ८ जून, रात्री ९:५०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं. रानजाई, तुमच्या फिजिओंनी उत्तम शिकवलंय. काही गोष्टींची भर घालते.

पुढच्या खांद्यात का दुखलं? बायसेप्सला, म्हणजे बेटकुळीच्या स्नायूला, दोन शिरं असतात, मराठीत द्विशिरस्क म्हणतात ते त्यामुळेच. दोन्ही शिरं वर खांद्याच्या हाडाला चिकटलेली असतात. त्यातल्या लांब शिराची दोरी (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) दंडाच्या हाडाच्या पुढच्या खोबणीतून जाऊन खांद्याच्या सांध्यात शिरते. खांदे पुढे गोल झालेले, कोपर झोक्याने पुढे-मागे आणि वजन झेपण्यापेक्षा जास्त, असं आठवडेच्या आठवडे चाललं की ती दोरी तिथे चिडते. केस विंचरताना, हूक लावताना दुखणं हे मी रोज ऐकते. म्हणून कोपर जागेवर ठेवणं हा दिसण्याचा मुद्दा नाही.

दुसरं, तळव्याबद्दल. बायसेप्सचं काम फक्त कोपर वाकवणं नाही, तळवा वर फिरवणं हेही त्याचंच काम. आत्ता करून बघा: उजवं कोपर काटकोनात वाकवा, डावा हात उजव्या दंडावर ठेवा आणि स्क्रू घट्ट पिळल्यासारखा उजवा हात फिरवा. बेटकुळी टणक होते की नाही? म्हणून ज्यांना तळवे समोर ठेवून मनगटाला ताण येतो त्यांनी तळवा मांडीकडे ठेवून सुरुवात करावी आणि वर नेताना हळूहळू वर फिरवावा. मनगट सुखी राहतं आणि स्नायूचं कामही पूर्ण होतं. तळवा शेवटपर्यंत आतच ठेवला, हातोडी धरल्यासारखा, तर बायसेप्सच्या खालचा ब्रॅकिॲलिस आणि कोपरापुढचा स्नायू जास्त राबतात. तोही चांगला व्यायाम आहे, ज्यांचं मनगट दुखतं त्यांना मी तोच देते.

पहाटवारा, तुझा प्रश्न योग्य आहे. स्नायू वजन उचलतो त्यापेक्षा जास्त वजन सावकाश खाली आणू शकतो. म्हणून अनुभवी लोक कधीकधी थोड्या झोक्याने वर नेतात आणि खाली मात्र ताब्यात ठेवून आणतात. तुमचे सीनियर खाली कसे येतात ते उद्या बघ. झोक्याने वर आणि धपकन खाली असेल तर त्या रेपमध्ये हाताला काहीच मिळालं नाही. आणि झोका शेवटच्या एका-दोन रेपला आहे की पहिल्यापासून? मोबाईल कमरेच्या उंचीवर ठेवून बाजूने व्हिडिओ काढ. समोरून काढू नकोस, कोपर पुढे येतं ते समोरून दिसत नाही.

एक इशारा सगळ्यांसाठी. सावकाश खाली येणं नवीन असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड चांगलाच दुखतो. ते साधारण ७२ तासांत ओसरतं. म्हणून पहिल्या आठवड्यात एकच सेट. पण हात सुजला, कोपर सरळ होईना आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. तसंच उचलताना कोपराजवळ किंवा खांद्यापाशी "टप्" असं काही तुटल्यासारखं वाटलं आणि बेटकुळीचा आकार बदलला, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कोपराजवळची दोरी तुटली असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केलेली बरी असते.

रानजाई | ८ जून, रात्री १०:२०

दवबिंदू, मनापासून धन्यवाद. स्क्रूचं करून बघितलं, खरंच टणक होतं!

लालमाती दादा, तुमचे वस्ताद फार आवडले. मी तुमच्याशी भांडणार नाही, जोर हा राजाच आहे. पण माझ्यासारखीने जमिनीवर पहिला जोर काढायचा तर छाती खाली गेल्यावर ती वर येणारच नाही. आणि जोरात आपण जमीन ढकलतो. त्यात छाती, खांदा आणि दंडाची मागची बाजू राबते. मला एसटीच्या दांड्याला धरून स्वतःला ओढायचं होतं. तुमच्याकडे ती ओढ दोर चढण्यातून आणि माती उकरण्यातून मिळत होती. माझ्याकडे दोर नाही, हौदा नाही, म्हणून डंबेल.

लालमाती | ९ जून, सकाळी ६:०५

हे पटलं. ढकलणं वेगळं आणि ओढणं वेगळं, असा विचार मी कधी केलाच नव्हता, आमच्या दिवसात दोन्ही आपोआप व्हायचं. पण मग मागच्या बाजूचंही सांगा. नुसती बेटकुळी कमावून भागत नाही. दंडाचा निम्म्याहून जास्त भाग मागेच असतो.

रानजाई | ९ जून, सकाळी ८:१५

बरोबर, आणि ओवीलाही तेच हवंय.

मी दोन गोष्टी करते. एक म्हणजे ओट्याला टेकून जोर. ओट्याच्या कडेवर तळवे खांद्याइतके किंवा थोडे जवळ, पाय मागे, अंग डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ फळीसारखं. छाती कडेपर्यंत नेऊन परत. कोपरं बाहेर पंखासारखी फाकायची नाहीत, मागे जाऊ द्यायची. हेही खाली जाताना तीन मोजत. ओटा कोरडा हवा आणि पायात घसरणारे मोजे नकोत. ओट्यावर १५ सहज व्हायला लागल्यावर मी पलंगाच्या कडेवर आले, आता ८ होतात. जमिनीपर्यंत पोचायचं आहे.

दुसरं, किकबॅक. डावा हात पलंगावर टेकवून कमरेतून पुढे वाकायचं, पाठ सरळ. उजव्या हातात डंबेल, दंड अंगाला समांतर आणि तिथेच स्थिर. कोपर सरळ करत हात मागे न्यायचा, क्षणभर थांबायचं, सावकाश परत. इथे माझी चूक अशी व्हायची की दंडच खाली-वर व्हायचा, घंटेच्या लोलकासारखा. मग मुलीने दंडाखाली तिचा तळहात धरला. दंड त्यावर टेकला की मी चुकले. पंधरा दिवसांत सवय लागली. यात वजन कर्लपेक्षा कमी घ्यावं लागतं, मी अजून दीड किलोवर आहे.

कर्लसाठीही एक अशीच युक्ती आहे. हातरुमालाची घडी करून कोपर आणि बरगडीच्या मध्ये ठेवायची. कोपर पुढे गेलं की रुमाल पडतो. पहिल्या दिवशी माझा रुमाल सहाव्या रेपला पडला, आणि सहाच्या पुढे आपण काय करत होतो ते मला कळलं. पण रुमाल पडू नये म्हणून कोपर अंगात दाबून धरायचं नाही, तसं केलं तर खांदा आखडतो.

बेलपान | ९ जून, सकाळी ११:४०

मी ६१, बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले हलका व्यायाम करा. वजन उचलताना डोक्यात ठणकल्यासारखं होतं म्हणून सोडून दिलं. माझं काय चुकत असेल?

दवबिंदू | ९ जून, दुपारी २:३०

बेलपान ताई, ठणका येत असताना थांबलात हे अगदी योग्य केलंत. आधी डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा आणि बीपी मोजून घ्या. ते आवाक्यात आहे असं डॉक्टर म्हणाले तर पुढचं वाचा.

बहुतेक तुम्ही श्वास कोंडून धरत असाल. जोर लावताना तोंड मिटून श्वास धरला की त्या क्षणी बीपी झपाट्याने चढतं. उपाय साधा आहे, वर नेताना मोठ्याने मोजा. "एक", "दोन", अगदी शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं. बोलताना श्वास कोंडता येत नाही. डंबेल घट्ट आवळू नका, अंडं धरल्यासारखा धरा, पण सुटणार नाही इतपत. खुर्चीत बसून, एका वेळी एकच हात, १ किलो, आणि थकण्याच्या बरंच आधी थांबायचं.

अंगणवेल | १० जून, पहाटे ४:१५

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे डंबेल पाउंडात मिळतात. माझ्याकडे ५ आणि ८ पाउंडाच्या जोड्या आहेत. ५ पाउंडाने १२ रेप आरामात होतात, पण ८ घेतला की ४ रेपनंतर खांदे वर जातात. मधलं वजन आणायचं का?

रानजाई | १० जून, सकाळी ७:३०

५ पाउंड म्हणजे सव्वादोन किलो आणि ८ म्हणजे जवळपास ३.६ किलो. दीडपटीहून जास्त उडी आहे ही! मलाही २ वरून ३ किलोवर जाताना हाच त्रास झाला. किलोत बघितलं तर फक्त एकाने वाढ, पण हाताच्या दृष्टीने ती निम्म्याने वाढ.

मी काय केलं ते सांगते. आधी २ किलोनेच १२ चे १५ रेप केले. मग वर थांबणं एका सेकंदाचं दोन केलं. खाली येणं तीनाचं चार मोजून. तेवढ्यानेच २ किलो जड झाला. तीन आठवड्यांनी पहिला सेट ३ किलोने, जेवढे नीट होतील तेवढेच, सहा झाले. दुसरा सेट २ किलोने. असं करत महिन्याभरात दोन्ही सेट ३ वर आले. मधलं ६ पाउंडाचं मिळालं तर जरूर घ्या, पण नसेल तर अडत नाही.

थांबायचं कुठे त्याची माझी खूण: अजून दोन नीट झाले असते असं वाटतं तिथे. खांदा कानाकडे निघाला की तो रेप मी मोजत नाही. लालमाती दादांचे वस्ताद समोर पाटावर बसलेत असं समजते.

निळाई | १० जून, दुपारी ३:५०

विचारू की नको असं वाटत होतं. माझी दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूची स्तनाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या. हाताला मधूनमधून सूज येते. तेव्हा सांगितलं होतं की या हाताने आयुष्यभर जड उचलायचं नाही. तेव्हापासून मी तो हात जपतेच आहे, आणि आता तो इतका बारीक झालाय की भरलेला कुकरही उचलत नाही. मला हा व्यायाम कधीच करता येणार नाही का?

दवबिंदू | १० जून, रात्री ९:१५

निळाई, विचारलंत हे फार चांगलं झालं.

"कधीच उचलू नका" हा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. आता तो बदललाय. हाताला सूज असलेल्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेला एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी देखरेखीखाली, अगदी थोड्या वजनाने सुरुवात करून हळूहळू वजन वाढवलं. वजन न उचलणाऱ्या स्त्रियांपेक्षा त्यांची सूज जास्त वाढली नाही, उलट सूज उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले आणि ताकद वाढली. हात वापरायचाच नाही, तर तो कमजोर होतो आणि मग रोजचं कामही त्याला जड पडतं. कुकरचं तुमच्याबाबतीत तेच झालंय.

पण हे इथे वाचून घरी सुरू करू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि लिम्फच्या सुजेचं काम करणाऱ्या फिजिओकडे जा. दाबाची बाही (सूज आवरायला हातावर घालायची घट्ट बाही) नीट मापाची हवी, ती घालून व्यायाम. दर वेळी आधी आणि नंतर हाताचं माप घेतात. वजन अर्ध्या किलोपासून, वाढ अगदी थोडी. हात जड वाटला, ताणल्यासारखा वाटला, तर थांबून दाखवायचं. आठवडाभर खंड पडला तर परत आल्यावर आधीच्या वजनावर जायचं नाही, खाली उतरून सुरू करायचं.

कोपर, मनगट, सावकाश खाली, हे सगळं तुम्हालाही तसंच लागू आहे.

निळाई | १० जून, रात्री ९:४०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. उद्याच फोन करते.

ओवी_ | २९ जून, सकाळी ८:००

धागा वर काढतेय. तीन आठवडे झाले. २ किलोची जोडी घेतली, पण खरं सांगायचं तर पहिले दहा दिवस पाण्याच्या बाटल्यांवरच गेले, कारण २ किलोने रुमाल तिसऱ्याच रेपला पडत होता. आता दहापर्यंत टिकतो. ओट्यावरचे जोर रोज कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करते. रोज चालेल ना?

रानजाई | २९ जून, सकाळी ८:४५

वा, ओवी! पण जोर रोज नको, एक दिवस आड कर. स्नायू भरतो तो विश्रांतीच्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी ताकदीचा व्यायाम आठवड्यातून निदान २ दिवस सांगितलाय, आणि तोही फक्त दंडाचा नाही, पाय, पाठ, पोट सगळ्यांचा. मधल्या दिवशी खुर्चीतून हात न टेकता उठ-बस कर. आणि शिट्ट्यांवर नको, आकड्यांवर कर. शिट्टी लांबली की शेवटचे जोर कसेतरी होतात.

पहाटवारा | १ जुलै, रात्री १०:३०

दवबिंदू, व्हिडिओ काढला, बाजूने, कमरेच्या उंचीवर. १२.५ किलोने मी पहिल्या रेपपासून कमरेतून मागे जातोय. मला हे अजिबात माहीत नव्हतं. दीड वर्ष मी समजत होतो की फक्त शेवटचे दोन झोक्याने जातात.

मग भिंतीला पाठ लावून ८ किलोने केलं. खाली येताना तीन मोजून. दहा रेपमध्ये दंड पेटल्यासारखा झाला, १२.५ ने कधी झाला नव्हता. आता तीन आठवडे तेच करतोय. काल परत व्हिडिओ काढला, ८ किलो, भिंतीशिवाय. सात रेप स्वच्छ आहेत. आठव्याला कोपर तीन-चार बोटं पुढे आलंय, नवव्या-दहाव्याला खांदेही वर.

लालमाती | २ जुलै, सकाळी ५:५०

पोरा, मग तुझे सात झाले.

पहाटवारा | २ जुलै, सकाळी ७:१५

हो. डायरीत सातच लिहिलेत.